गाळ तुमचा, शेत आमचं: महापालिका आयुक्तांना खुलं पत्र

प्रति,
माननीय आयुक्त,
आमच्या शेजारच्या शहराची महानगरपालिका

साहेब, नमस्कार.

तुमच्या मैलाशुद्धीकरण केंद्रातला गाळ खत म्हणून आमच्या शेतांत येतोय, त्याबद्दल हे पत्र. शहराचं आणि गावाचं नाव यात मुद्दाम घातलेलं नाही. तुम्ही ओळखालच. आणि हे पत्र वाचणाऱ्या ज्यांच्या गावाच्या वेशीवर असंच काही चाललंय, त्यांना रिकाम्या जागी आपलं नाव भरता येईल.

माझी सव्वादोन एकर द्राक्षबाग आहे. शेजारी दीड एकरात कांदा आणि पालेभाजी. बागेचा माल गेली नऊ वर्षं युरोपला जातो. त्यासाठी ग्लोबलगॅपचा, म्हणजे शेती नियमाप्रमाणे केल्याचा, दाखला लागतो आणि दाखल्यासाठी दरवर्षी एक लांबलचक प्रश्नावली भरावी लागते. औषधं कुठे ठेवता, मजुरांना हात धुवायला साबण आहे का, फवारणीच्या रिकाम्या डब्यांचं काय करता. त्यातला एक मुद्दा मी इतकी वर्षं न वाचताच पुढे जायचो: शेतात मानवी मैल्याचा गाळ वापरलेला नाही ना? प्रक्रिया केलेला असो किंवा नसो, चालत नाही. मी "नाही" अशी खूण करायचो आणि पान उलटायचो. मनात म्हणायचो, कोण कशाला वापरतंय!

यंदा त्या ओळीपाशी पेन अडला.

मे महिन्याच्या अखेरीस माझ्या उत्तर बांधापलीकडच्या शेतात टिपर यायला लागले. चार दिवसांत अठरा टिपर, जेमतेम सव्वा एकरात. ते शेत माझ्या बागेपेक्षा उंचावर आहे, म्हणजे पावसाचं पाणी तिकडून इकडे येतं आणि माझ्या विहिरीच्या कडेने ओढ्याला लागतं. पहिल्या दिवशी मी ड्रायव्हरला विचारलं, काय आहे हे? "खत आहे काका, महापालिकेचं. फुकट." वास मात्र शेणखताचा नव्हता. शेणखताचा वास नाकाला ओळखीचा असतो, त्याचा त्रास होत नाही. हा वास गोडसर, सडका, आणि रात्री अंथरुणात शिरणारा. काळा, चिकट, भिजवलेल्या पेंडीसारखा माल. वरून सुकला की भेगा पडायच्या, आत बोट घातलं की ओला.

मृगाचा पाऊस झाल्यावर तो ढीग जरा पसरला आणि आतलं बाहेर आलं. मी काठीने उकरून बघितलं. केसांचे पुंजके. शॅम्पूच्या पुड्यांचे कोपरे. कानकोरण्याच्या प्लॅस्टिकच्या काड्या. गोळ्यांच्या पाकिटांची चकाकणारी चांदी. एका टिकलीच्या पाकिटावरची बाई अजून हसत होती. पंधरा दिवसांनी बांधाकडेला उरलेल्या ढिगावर हिरवी रोपं दिसली. शेजाऱ्याला वाटलं तण. जवळ जाऊन पान चुरगाळलं तर टोमॅटो. कुणी पेरला नव्हता. शहरातल्या हजारो कोशिंबिरींमधलं बी माणसांच्या पोटातून, ड्रेनेजमधून, तुमच्या मैलाशुद्धीकरण केंद्रातून सहीसलामत प्रवास करून इथे उगवलं होतं. बी जिवंत राहू शकतं, तर जंतांची अंडी का राहणार नाहीत, हा प्रश्न मला त्या रोपांनी विचारायला लावला. शोधलं तर कळलं की जंताची अंडी मातीत महिनोन् महिने, कधी कधी वर्षानुवर्षंही टिकतात.

हे सगळं कुणी ठरवलं, ते आम्हाला टिपर आल्यावर तीन आठवड्यांनी कळलं, तेही वर्तमानपत्रातल्या दोन रकान्यांच्या बातमीतून. "परिसरातील शेतकऱ्यांना मोफत सेंद्रिय खत", स्थायी समितीची मंजुरी, वाहतुकीचं कंत्राट, आणि फोटोत हिरवी झेंडी. ज्यांच्या परिसरात हे खत यायचं होतं त्यांच्यापैकी त्या फोटोत कुणीही नव्हतं.

आधीच एक गोष्ट सांगून टाकतो, म्हणजे गैरसमज नको. मी मैल्याच्या खताच्या विरुद्ध नाही. सोनखत हा शब्द आपल्याच भाषेतला आहे, आणि ज्या भाषेने विष्ठेला सोनं म्हटलं तिच्या शेतकऱ्यांना "हे घाण म्हणून घाबरतात" असं कुणी शिकवू नये. माझे आजोबा परसातल्या चराच्या संडासाचं खत वर्षभर मुरवून उसाच्या सरीत घालायचे. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी कणकवलीच्या गोपुरी आश्रमात याच गोष्टीसाठी आयुष्य वेचलं. मैला वाया जाऊ नये आणि तो कुणा माणसाला डोक्यावर वाहावा लागू नये, म्हणून त्यांनी संडासाची रचना करून दाखवली. पण आजोबांच्या खड्ड्यात काय पडलंय ते आजोबांना ठाऊक होतं. घरातली नऊ माणसं, राख आणि पालापाचोळा. तुमच्या पाइपात काय पडतं?

त्याचं थोडं उत्तर मला स्वतःला ठाऊक आहे, आणि ते सांगताना मान खाली जाते. १९९४ ते १९९७ ही तीन वर्षं, बाग लावायच्या आधी, मी तुमच्याच शहरातल्या एका गल्लीत प्लेटिंगच्या शेडमध्ये कामाला होतो. नळ, कड्या-कोयंडे, सायकलचे भाग चकचकीत करायचं काम. निकेलची टाकी हिरवी, क्रोमची पिवळी-नारिंगी. टाकी खराब झाली की संध्याकाळी सात वाजता, रस्त्यावरची वर्दळ कमी झाल्यावर, ती मोरीत सोडायची. मोरी गल्लीच्या गटाराला, गटार मोठ्या ड्रेनेजला. मीच किती वेळा सोडली असेल. तेव्हा आम्ही कुणीही विचारलं नाही की हे पुढे कुठे जातं. आज तुमचे अभियंते म्हणतात, हा निव्वळ घरगुती सांडपाण्याचा गाळ आहे. साहेब, त्या गल्लीत अजून शेड आहेत. गेल्या दिवाळीत मी तिथून चालत गेलो, तेव्हा गटाराच्या कडा अजून हिरवट होत्या.

धातू नाहीसा होत नाही, एवढं त्या शेडमध्ये शिकलो. मैलाशुद्धीकरण केंद्राचं काम पाणी स्वच्छ करायचं. पाण्यातून जे काढलं ते जातं कुठे? बहुतेक गाळात. म्हणजे तुमचं केंद्र जितकं चांगलं चालेल आणि नदीत सोडलेलं पाणी जितकं नितळ होईल, तितका गाळात ऐवज जास्त. नदी वाचली पाहिजे, याबद्दल माझं दुमत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या आकडेवारीत महाराष्ट्राच्या शहरांतून रोज ९,१०७ दशलक्ष लिटर सांडपाणी निघतं आणि उभारलेल्या केंद्रांची क्षमता ६,८९० दशलक्ष लिटर आहे. उरलेल्यासाठी केंद्रं बांधली जाणार, बांधलीच पाहिजेत. पण दर नव्या केंद्रामागे नवा गाळ आहे. तो कुणाच्या शेतात जाणार हे कोण आणि कसं ठरवणार, याची रीत आत्ताच बसवली नाही तर पुढची वीस वर्षं टिपरच ठरवतील.

आता माझ्या तक्रारी.

पहिली, आणि बाकीच्या सगळ्या हिच्यातून निघतात: आम्हाला विचारलं नाही. विकास आराखड्यात एखाद्या रस्त्याची रेघ चार फूट सरकवायची असेल तर तुम्ही वर्तमानपत्रात नोटीस देता, हरकती-सूचना मागवता, लोकांना बोलावून ऐकून घेता. सामायिक घनकचरा प्रकल्प उभारायचा तर २००६ च्या पर्यावरणीय परिणाम अधिसूचनेखाली जनसुनावणी लागते, तिची नोटीस किमान तीस दिवस आधी द्यावी लागते आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत ठेवावा लागतो. मैलाशुद्धीकरण केंद्र त्या यादीतच येत नाही. म्हणजे कचरा यायचा असेल तर गावाला बोलायला मिळतं आणि मैल्याचा गाळ यायचा असेल तर मिळत नाही. कायद्यात फट आहे हे मान्य. पण फट आहे म्हणून तिच्यातून टिपर घालायलाच हवा असं कुठे आहे? विचारायला कायद्याने बंदी केलेली नाही.

"शेतकऱ्यांनी स्वतः मागून नेलं, संमतीपत्रावर सह्या आहेत," असं तुमच्या विभागातल्या एका साहेबांनी मला फोनवर सांगितलं. ते संमतीपत्र मी पाहिलंय. एक पान. त्यावर मालकाचं नाव, गट नंबर, आणि खाली एक वाक्य: सदर खत मी स्वेच्छेने घेत असून पुढील परिणामांस महापालिका जबाबदार राहणार नाही. खत चांगलं असेल तर हे वाक्य कशाला? गुळाच्या ढेपेवर कुणी "परिणामांस जबाबदार नाही" असं लिहितं का? बरं, सही कुणाची, तर शेताच्या मालकाची. तो तुमच्याच शहरात राहतो आणि वर्षातून दोनदा शेतावर येतो. शेत वाट्याने कसणारा माणूस वेगळा. त्याला विचारलं नाही. खाली विहीर माझी, मला विचारलं नाही. खुरपायला येणाऱ्या बायकांना तर कुणीच कधी काही विचारत नाही.

वाट्याने कसणाऱ्याला मी दोष देणार नाही. शेणखताच्या ट्रॉलीचा भाव विचारून बघा, आणि जनावरं राहिलीत किती घरी? त्याच्या दारात कुणी खत फुकट आणून ओतलं तर तो नको का म्हणेल? मोफत या शब्दापुढे गरजवंताची संमती ही संमती म्हणून मोजायची असेल, तर मग मोजदादच संपली.

दुसरी तक्रार तपासणीची. जूनमध्ये मी माहितीच्या अधिकारात गाळाचा तपासणी अहवाल मागितला. चाळिसाव्या दिवशी एक पान आलं. नमुना अकरा महिन्यांपूर्वीचा. सामू, ओलावा, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, सगळं व्यवस्थित टंकलेलं. खाली "जड धातू" असा रकाना, आणि त्यात एक आडवी रेघ. जंतू, जंतांची अंडी यांचा तर रकानाच नाही.

त्या रेघेच्या जागी काय असायला हवं होतं ते देशाच्या कायद्यातच लिहिलेलं आहे. खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टसाठी किलोमागे कॅडमियम ५ मिलिग्रॅम, क्रोमियम ५०, निकेल ५०, शिसं १००, पारा ०.१५, आर्सेनिक १० अशा मर्यादा आहेत. दुकानातल्या खताच्या पिशवीवर उत्पादकाचं नाव, घटकांचं प्रमाण, बॅच छापावी लागते. टिपरवर काय होतं? नंबरप्लेट. तीही चिखलाने माखलेली.

तिसरी गोष्ट सांगताना मला एक दुपार आठवते. गाळ पसरून नांगरट झाली आणि आठवड्यात त्या शेतात कोथिंबीर पेरली. जुलैच्या सुरुवातीला बायका खुरपायला आल्या. अनवाणी, हातात खुरपं, दुपारी बांधावर बसून त्याच हातांनी भाकरी. त्यांच्यातली एक आमच्या बागेतही येते. तिने मला पायाच्या बोटांमधली कातडी दाखवली, लाल, सोललेली. ती गाळामुळेच झाली असं मी म्हणणार नाही, पावसाळ्यात चिखल्या होतातच. पण तिला काय सांगू, हे मला कळेना. अमेरिकेत १९९३ पासून याचे नियम आहेत. पूर्ण निर्जंतुक न केलेला गाळ पसरलेल्या जमिनीवर लोकांची ये-जा कमी असेल तरी तीस दिवस मज्जाव, वर्दळीची जागा असेल तर वर्षभर, आणि पिकाचा खायचा भाग मातीला लागत असेल तर चौदा महिने काढणी नाही. युरोपच्या १९८६ च्या निर्देशात मातीला टेकणारी, कच्ची खाल्ली जाणारी भाजी काढणीआधी दहा महिने गाळापासून लांब ठेवायची, आणि गाळ घालण्याआधी गाळाची आणि मातीची दोन्हींची तपासणी करायची. आमच्या शेजारची कोथिंबीर पंचेचाळीस दिवसांत निघाली. जुड्या बांधल्या, पहाटेच्या पिकअपमध्ये भरल्या. गेल्या कुठे? तुमच्या मंडईत. साहेब, तुमच्या पोह्यांवर कोथिंबीर कुठली होती हे तुम्हाला सांगता येईल का? मलाही नाही सांगता येणार. हा प्रश्न फक्त खेड्याचा आहे असं शहरातल्या वाचकांना वाटत असेल, म्हणून लिहिलं.

चौथी तक्रार माझी एकट्याची, बागायतदाराची. २०१० साली युरोपने आपल्या द्राक्षांचे कंटेनर अडवले होते. क्लोरमेक्वाट क्लोराइड नावाच्या एका वाढरोधकाचा अंश सापडला म्हणून. आम्ही ते वर्षानुवर्षं वापरत होतो, कुणी नको म्हणत नव्हतं, तपासणीच्या यादीत ते नव्हतं. एक दिवस ते तिकडे मोजलं गेलं आणि इकडे माणसं कर्जात गेली. तेव्हापासून द्राक्षवाला एक धडा विसरत नाही: आज कुणी मोजत नाही म्हणजे ते नाही, असं समजू नये. गाळाबाबत नेमकं तेच चाललंय. अमेरिका गाळातले नऊ धातू मोजून परवानगी देते. पण २०१८ मध्ये तिथल्या पर्यावरण संस्थेच्याच महानिरीक्षक कार्यालयाने लिहून ठेवलं की गाळात सापडलेल्या ३५२ प्रदूषकांचा माणसाला आणि निसर्गाला धोका किती, हे ठरवण्याइतकी माहिती आणि साधनं संस्थेकडे नाहीत. मेन नावाच्या त्यांच्या एका राज्यात जुन्या काळी सरकारी परवानगीने गाळ पसरलेल्या शेतांत, विहिरींत आणि दुधात पीफास ही न विघटणारी रसायनं सापडली. न चिकटणाऱ्या तव्यापासून रेनकोटपर्यंत वापरली जाणारी ही रसायनं. २०२२ मध्ये त्या राज्याने शेतात गाळ पसरायलाच बंदी केली. त्या शेतकऱ्यांनाही त्या काळी ते खत म्हणूनच मिळालं होतं. स्वित्झर्लंडने तर शेतातला वापर केव्हाच थांबवलाय.

(जाता जाता: "बायोसॉलिड" हा गोंडस शब्दही त्याच अमेरिकेतला. १९९० च्या आसपास तिथल्या सांडपाणी क्षेत्रातल्या व्यावसायिकांनी गाळाला नवं, बरं वाटेल असं नाव शोधायची मोहीमच काढली होती. तुमच्या निविदेत तो शब्द सात वेळा आलाय. मी मोजला.)

तुम्ही म्हणाल, आम्ही किरणोत्सर्गाने निर्जंतुक करू. ही सोय चांगली आहे. अहमदाबादला भाभा अणुसंशोधन केंद्राच्या मदतीने कोबाल्ट-६० वापरून रोज शंभर टन कोरडा गाळ निर्जंतुक करायचा प्रकल्प २०१९ मध्ये सुरू झाला. जंतूंचा प्रश्न त्याने सुटतो. कॅडमियमला मात्र किरणांनी काही होत नाही. ते पहिल्या दिवशी होतं तितकंच शेवटच्या दिवशी राहतं, आणि माझ्या मातीत एकदा आलं की माझ्या नातवाच्या नावावर चढतं. सातबाऱ्यावर कर्जाचा बोजा चढला तर तो फेडून उतरवता येतो. या बोजाची नोंद कुठल्या रकान्यात करायची?

शेवटची तक्रार तुमच्या उत्तराची. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत आम्ही ठराव केला की तपासणीचे निकाल आणि गावाची संमती यांशिवाय गाळ आणू नये. ठराव पोचवला, पोच घेतली. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात तुमच्या कार्यालयाचं पत्र आलं. जसंच्या तसं उतरवतो: "सदर बाब महापालिका हद्दीबाहेरील असल्याने या कार्यालयाकडून कार्यवाही अपेक्षित नाही." मी ते पत्र पारावर मोठ्याने वाचून दाखवलं. आधी कुणी काही बोललं नाही, मग एक म्हातारा म्हणाला, "म्हणजे गाळाला हद्द नाही, सायबाला आहे." लोक हसले. मला हसू आलं नाही, कारण ते पत्र ज्याने लिहिलं त्याला त्यात काही चुकलंय असं वाटलं नसणार.

रागाच्या भरात काही लोकांचं म्हणणं होतं की टिपर अडवून काचा फोडू. आम्ही तसं केलं नाही, करणार नाही. ड्रायव्हर आमच्याच शेजारच्या गावचा आहे. त्याच्याही पायात चप्पल होती, बूट नव्हते.

मागण्या लिहितो. अवघड एकही नाही.

गाळाची वाहतूक आजपासून थांबवा, आणि खाली लिहिलेलं होईपर्यंत सुरू करू नका. आत्तापर्यंत कुठल्या गावात, कुठल्या गटात, किती टिपर, कुठल्या तारखेला टाकले याची यादी जाहीर करा. कंत्राटदाराला फेऱ्यांचे पैसे मिळतात, म्हणजे यादी कुठेतरी आहेच.

प्रत्येक खेपेच्या गाळाची तपासणी जड धातू, जंतू आणि जंतांची अंडी यांच्यासाठी करा, आणि ज्या शेतात टाकायचा त्या मातीची तपासणी आधी. अहवाल मराठीत, ग्रामपंचायतीच्या फलकावर, टिपर यायच्या आधी. माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ सांगतं की लोकांवर परिणाम करणारे निर्णय घेताना त्यासंबंधीची सगळी माहिती स्वतःहून जाहीर करायची, आणि निर्णयाची कारणं बाधित माणसांना द्यायची. म्हणजे अर्ज करून चाळीस दिवस वाट बघायची वेळ आमच्यावर यायलाच नको होती.

त्याच कायद्यात नागरिकाला सामग्रीचे प्रमाणित नमुने घ्यायचाही हक्क दिलाय. आम्हाला केंद्रातून, आमच्या पंचांसमोर, सीलबंद नमुना हवा. तपासणीचा खर्च गाव वर्गणीतून करेल. निम्मे पैसे जमलेत.

ज्या गावात गाळ जायचा त्या गावच्या ग्रामसभेपुढे प्रस्ताव ठेवा, तीस दिवसांच्या नोटिशीने. मालकाबरोबर कसणाऱ्याची, आणि उताराला लागून असलेल्या शेतकऱ्यांची संमती घ्या. गावाने नाही म्हटलं तर ते नाही असू द्या, "समज कमी पडली" असा शेरा मारून पुढच्या महिन्यात पुन्हा टिपर पाठवू नका. संमतीपत्रातलं "परिणामांस जबाबदार राहणार नाही" हे वाक्य काढून तिथे कोण जबाबदार राहील, त्याचं पदनाम लिहा. शेताच्या कडेला पाटी लावा: इथे गाळ टाकलाय, अमुक तारखेला, अमुक दिवस अनवाणी शिरू नये, भाजी पेरू नये. ही पाटी चित्रांतही असू द्या, खुरपणाऱ्या सगळ्याजणींना वाचता येत नाही.

आणि शहरात, तुमच्या हद्दीत, जिथे तुमची कार्यवाही नक्कीच अपेक्षित आहे, तिथे प्लेटिंग, रंगकाम, बॅटरी यांच्या शेड घरगुती ड्रेनेजला जोडलेल्या आहेत का ते तपासा आणि जोडण्या तोडा. कुठून सुरुवात करायची ते हवं असेल तर मी येतो, गल्ली दाखवतो. तिथे कुणाचं पोट मारायचं नाही. त्यांच्या पाण्यावर वेगळी प्रक्रिया करायची सामायिक सोय करून द्या. हे झालं तर तुमचा गाळ खरोखर सोनखताच्या जवळ जाईल, आणि तेव्हा तो मागायला मी स्वतः ट्रॅक्टर घेऊन दारात उभा राहीन. द्राक्षाला नाही, ते दाखल्यामुळे जमणार नाही. पण बांधावरच्या सागाला घालीन.

२ ऑक्टोबरला सकाळी दहा वाजता मारुतीच्या देवळासमोर आमची ग्रामसभा आहे. तुम्हाला हे जाहीर निमंत्रण. तुम्ही स्वतः या, किंवा सही करायचा अधिकार असलेला माणूस पाठवा. येताना अहवाल आणा, रेघ नसलेला. चहा आम्ही देऊ. त्यानंतर आठवड्याने माझी ऑक्टोबर छाटणी सुरू होते आणि मग मला फेब्रुवारीपर्यंत बागेबाहेर डोकं काढता येत नाही, म्हणून तारीख लांबवू नका.

आपला,
एक द्राक्षबागायतदार

ता. क. बांधाकडेच्या ढिगावरची टोमॅटोची झाडं आता कमरेला लागतात. फळ लालभडक आणि भरपूर आहे. येणारी-जाणारी पोरं बघतात. अजून एकही कुणी तोडलेलं नाही.